चहाची कापडी पुरचुंडी : एक गृहोद्योग आणि त्याचा हिशेब

(गोंदिया जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय तळहातावर मावेल एवढ्या वस्तूचा आहे. सुती कापडाची एक लहान पुरचुंडी, तिच्या तोंडाशी नेफा आणि नेफ्यात नाडी. तिच्यात चहाची पत्ती किंवा गवती चहाची वाळलेली पात घालावी, नाडी ओढावी आणि ती गरम पाण्यात सोडावी. अर्क उतरला की गाळ बाहेर टाकून पुरचुंडी धुवावी, वाळवावी व पुन्हा वापरावी. बाजारातील कागदी चहापिशवी एका कपानंतर फेकली जाते. ही मात्र नीट जपल्यास पुष्कळ दिवस टिकते. अशा पुरचुंड्या शिवून विकण्याचा उद्योग आपल्या जिल्ह्यातील महिला बचत गटांना करता येईल काय, आणि करावयाचा झाल्यास कोणती दक्षता घ्यावी, याविषयी काही विचार मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. ही पुरचुंडी शिवणे सोपे आहे, विकणे अवघड आहे. गृहोद्योगाच्या बहुतेक योजनांत शिवण शिकविण्यावर भर असतो आणि विक्रीचा विचार माल तयार झाल्यावर होतो. हा क्रम उलटा केल्याखेरीज या उद्योगात भगिनींच्या हाती काही उरणार नाही.

कल्पना स्त्रियांची, व्यापार दुसऱ्यांचा

चहाच्या पिशवीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. न्यूयॉर्कचे व्यापारी टॉमस सुलिव्हन यांनी १९०८ च्या सुमारास चहाचे नमुने रेशमी पिशव्यांतून पाठविले आणि गिऱ्हाइकांनी त्या पिशव्याच पाण्यात बुडविल्या, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु त्याच्या आधीच, १९०१ मध्ये, अमेरिकेतील मिल्वॉकी शहराच्या रोबर्टा लॉसन व मेरी मॅक्‌लॅरेन या दोन स्त्रियांनी विरळ विणीच्या सुती कापडाच्या चहापिशवीसाठी पेटंटचा अर्ज केला होता आणि २४ मार्च १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळालेही. एका कपासाठी संपूर्ण किटलीभर चहा करावा लागतो, उरलेला वाया जातो, ही घरोघरची अडचण त्यांनी ओळखली होती. पिशवी कापडाची, घडी घालून शिवलेली होती. म्हणजे आज आपण जिचा विचार करीत आहोत तिचीच ती थोरली बहीण म्हणावी लागेल.

पुढे काय झाले? १९३० नंतर उष्णतेने चिकटविलेल्या कागदी पिशव्या आल्या, १९४९ मध्ये जर्मनीत दोन कप्प्यांची पिशवी बनविणारे यंत्र तयार झाले आणि हा व्यापार मोठ्या कंपन्यांच्या हाती गेला. कल्पना स्वयंपाकघरातून निघाली. नफा कारखान्यात गेला.

कागदी पिशवीचे दोषही हळूहळू लक्षात आले. उष्णतेने चिकटणाऱ्या अनेक पिशव्यांच्या कागदात प्लॅस्टिकचे तंतू मिसळलेले असतात. त्रिकोणी आकाराच्या जाळीदार पिशव्या बहुधा नायलॉन किंवा तत्सम पदार्थाच्या असतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे नोंदविले की, ९५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात अशा एका पिशवीतून प्लॅस्टिकचे अब्जावधी सूक्ष्म कण सुटतात. या मोजणीच्या पद्धतीविषयी शास्त्रज्ञांत मतभेद झाले, हेही सांगितले पाहिजे. आपल्या देशात पिशवीला लावलेली लोखंडी पिन पोटात जाण्याचा धोका ओळखून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये अशा पिना बंद करण्याचा आदेश काढला. पिन नाही, डिंक नाही, प्लॅस्टिक नाही, अशी सुती पुरचुंडी पुन्हा मागितली जाऊ लागली आहे ती या पार्श्वभूमीवर.

बिडीने शिकविलेला धडा

आपल्या जिल्ह्याला घरबसल्या करावयाच्या कामाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला; त्याच्या कितीतरी आधीपासून या भागात बिडीचा उद्योग वाढला होता. तेंदूचे पान आपल्या जंगलातले, वळणारे हात आपल्या घरातले. पान भिजवावे, पत्र्याच्या मापाने कापावे, जर्दा भरावा, दोरा बांधावा आणि हजारावर मजुरी घ्यावी, या कामावर हजारो कुटुंबांची चूल पेटली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तथापि, या उद्योगात वळणाऱ्या स्त्रीला आपण वळलेली बिडी कोठे, कोणत्या भावाने विकली जाते, हे ठाऊक नसे. पान व जर्दा ठेकेदार देई, माल तोच मोजून घेई आणि नाकारलेल्या बिड्यांचा भुर्दंड कामगारावर पडे. म्हणूनच १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा करावा लागला. कायद्याने संरक्षण दिले. परंतु बाजाराशी नाते जोडून देणे कायद्याच्या आवाक्यात नव्हते.

पुरचुंडीच्या उद्योगातही हेच घडू शकते. एखादा व्यापारी कापड आणून देईल, नगाला तीन रुपये शिलाई ठरवील आणि माल नागपूर-मुंबईस नेऊन आपल्या नावाने विकेल. काम मिळाल्याचे समाधान होईल, परंतु बिडीच्या जागी पुरचुंडी आली एवढाच काय तो फरक. यास्तव गटाने पहिल्या दिवसापासून कापड स्वतः विकत घ्यावे, हिशेब स्वतः ठेवावा आणि थोडी का होईना, विक्री स्वतः करावी, असा माझा आग्रह आहे.

कापड आणि शिवण

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. आपला जिल्हा धानाचा. कापूस आपल्याकडचा नाही. कापड बाहेरून आणावे लागेल. जवळचे नाव घ्यावयाचे तर वर्ध्याचे घेता येईल. तेथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते १९३८ मध्ये झाले आणि ग्रामोद्योगाची व खादीची परंपरा त्या संस्थेने आजवर चालविली आहे. गोंदियाहून नागपूरमार्गे वर्धा सुमारे दोनशे किलोमीटर, एकाच रेल्वेमार्गावर आहे. दोघी जाऊन कापड हाताने पारखून आणू शकतात.

कापडाची पारख महत्त्वाची. मलमल फार विरळ असते. तिच्यातून चहाची बारीक भुकटी पाण्यात उतरते. मांजरपाट फार दाट असते. त्यातून अर्क लवकर येत नाही. या दोहोंच्या मधली वीण घ्यावी. रंगविलेले, छापलेले किंवा चकाकी आणलेले कापड मुळीच घेऊ नये. कापड चाचपून, प्रत्यक्ष कपात बुडवून, तीन-चार नमुन्यांतून एक निवडावा.

कोऱ्या कापडात खळ असते. ती काढल्याखेरीज पहिल्या कपाला कापडाचा वास येतो. कापड रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवावे, धुवावे, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळावे, नंतर सोडा पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खळखळून काढावे व उन्हात वाळवावे. याच वेळी कापड आटून घेते. आधी कापून मग धुतले, तर प्रत्येक पिशवी निराळ्या मापाची होते.

तयार पुरचुंडी ८ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच धरली, तर दोन्ही बाजूंची शिवण व वरचा नेफा मिळून १० बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. आटल्यानंतर ९० सेंटिमीटर पन्ह्याच्या एक मीटर कापडातून असे ३६ तुकडे निघतात. दोन तुकडे खराब गेले असे समजून ३४ धरावेत. बाजूच्या शिवणी दुहेरी घालाव्यात, म्हणजे कापडाच्या कडा आत बंद होतात आणि सुटलेल्या दशा चहात येत नाहीत. नाडी सुतीच असावी. शिवून झाल्यावर प्रत्येक पुरचुंडी एकदा उकळून, वाळवून, मगच बांधावी.

ग्राहकाला द्यावयाच्या सूचना चार ओळींच्या मराठी चिठ्ठीवर छापाव्यात. वापरल्यावर पुरचुंडी उलटी करून गाळ झाडाच्या मुळाशी टाकावा. साबण लावू नये. आठवड्यातून एकदा उकळावी. पूर्ण वाळल्यावरच ठेवावी. चहाचा तपकिरी डाग जाणार नाही, तो मळ नव्हे, हेही लिहावे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते. अर्धवट वाळलेल्या कापडावर बुरशी येते आणि तशी पुरचुंडी टाकूनच दिली पाहिजे. हे आधीच सांगितले तर तक्रार येत नाही आणि विश्वास राहतो.

‘सेंद्रिय’ या शब्दाची जबाबदारी

अलीकडे प्रत्येक वस्तूवर ‘सेंद्रिय’ असे छापण्याची प्रथा पडली आहे. या शब्दाला आता कायद्याचा अर्थ आहे. सेंद्रिय अन्नपदार्थांसाठी २०१७ चे विनियम आहेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे प्रमाणपत्र किंवा शेतकरी गटांनी परस्परांची तपासणी करावयाची सहभागी हमी पद्धती, यांपैकी एकाचा आधार त्यासाठी लागतो. कापडासाठी ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’ हे वेगळे मानक आहे. तेव्हा कापूस विषमुक्त शेतातला असल्याचा कागद विणणाऱ्या संस्थेकडून मिळाला असेल तरच तो शब्द वापरावा. नसेल तर ‘शुद्ध सुती, बिनरंगी, पुन्हा वापरता येणारी’ एवढेच लिहावे. खरे आणि साधे वर्णन गिऱ्हाइकाला पुरेसे असते.

हिशेब

आता हिशेब मांडू. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापल्या गावचे भाव घालून प्रत्येक गटाने ते पुन्हा मांडावेत.

समजा, कापड मीटरला १०० रुपये पडले, तर एका पुरचुंडीला कापड ३ रुपयांचे लागते. दोरा व नाडी १ रुपया. एक भगिनी कापणे, शिवणे, नाडी ओवणे धरून तासाला ६ नग करते असे मानू, म्हणजे आठ तासांत ४८. तिची दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली तर नगामागे सुमारे ८ रुपये ५० पैसे. धुणे-उकळणे ५० पैसे, कागदी वेष्टन व चिठ्ठी २ रुपये, यंत्राची झीज व वीज १ रुपया, नापास माल १ रुपया. एकूण १७ रुपये झाले. गटाने दुकानदारास २२ रुपयांस द्यावी आणि दुकानात ती ३० रुपयांस विकली जावी. चार नगांचा संच केल्यास खर्च ६८, दुकानदारास ८८ आणि ग्राहकास १२० रुपये.

या हिशेबात मजुरी पहिल्यापासून धरली आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पुष्कळ गट कापडाची व दोऱ्याची किंमत धरतात आणि आपले श्रम फुकट समजतात. माल स्वस्त होतो, खपतोही. पण सहा महिन्यांनी यंत्र बंद पडते आणि दुरुस्तीस पैसा नसतो. तीन रुपये शिलाई देणाऱ्या व्यापाऱ्याकडे तीच भगिनी दिवसाला १४४ रुपये मिळवील. चारशे आणि एकशे चव्वेचाळीस यांतील अंतर कौशल्याचे नाही, विक्री कोणाच्या हाती आहे याचे आहे.

टिकणाऱ्या वस्तूची अडचण

येथे या उद्योगातील मुख्य अडचण येते. दहा जणींच्या गटाने रोज दोन तास काम केले तर दिवसाला १२० आणि २५ दिवसांत ३,००० पुरचुंड्या होतात. म्हणजे ७५० संच. दर महिन्याला इतके नवे गिऱ्हाईक कोठून आणणार? कागदी पिशवी संपते म्हणून ग्राहक परत येतो. आपली पुरचुंडी टिकते, हाच तिचा गुण आणि व्यापाराच्या दृष्टीने हीच तिची मर्यादा.

शिवाय आपल्या घरांत चहा दूध-साखर घालून उकळला जातो आणि गाळणीने गाळला जातो. त्या चहाला पुरचुंडीची गरज नाही. गाव आपले पहिले गिऱ्हाईक होईल, हा भ्रम ठेवू नये. खरे गिऱ्हाईक म्हणजे कोरा चहा, ग्रीन टी किंवा गवती चहा पिणारा शहरी माणूस, कार्यालये आणि पर्यटक. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ पासून अस्तित्वात आहे. तेथे येणारा प्रवासी आठवण म्हणून काहीतरी नेऊ इच्छितो. मात्र पावसाळ्यात पर्यटन थांबते, तेव्हा विक्रीही थांबेल, हे लक्षात ठेवावे.

या अडचणीवर दोन उपाय दिसतात. पहिला, पुरचुंडीचे उपयोग वाढविणे. भाताला किंवा रश्शाला खडा मसाला लावावयाचा असेल, काढा करावयाचा असेल, तर हीच पिशवी उपयोगी पडते. मसाल्याची वेगळी व चहाची वेगळी ठेवावी, एवढेच.

दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आहे. पुरचुंडीबरोबर तिच्यात घालावयाची वस्तूही विकावी. गवती चहा परसात, सांडपाण्यावर वाढतो. पात धुऊन, बोटभर कापून, सावलीत वाळविली की साधारण चार किलो ओल्या पातीची एक किलो सुकी पात होते. ५० ग्रॅमच्या पुड्या केल्या तर वीस पुड्या. कपाला दोन ग्रॅम धरले तर एका पुडीत पंचवीस कप, म्हणजे महिन्याच्या आत पुडी संपते आणि ग्राहक परत येतो. आपल्याकडे भाजीसाठी लावतात ती अंबाडी; तिच्या लाल बोंडांच्या पाकळ्या वाळवूनही आंबटसर, सुरेख रंगाचे पेय होते. पुरचुंडी एकदा विकली जाईल; पुडी वर्षभर विकली जाईल.

मात्र पुडी हा अन्नपदार्थ आहे. तिच्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे आणि वेष्टनावर वजन, किंमत, बांधणीचा महिना व उत्पादकाचा पत्ता छापला पाहिजे. ‘मधुमेह बरा होतो’, ‘वजन उतरते’ असले काहीही छापू नये. रोग बरे करण्याच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजारी माणसाची दिशाभूल होते.

आपण काय करावे

माझ्यासमोर तीन प्रकारचे कार्यकर्ते बसले आहेत. प्रत्येकाकडे एकेक काम सोपवितो.

ग्रामपंचायत सदस्यांनी गटाला कोरडी, उजेडाची, वीज असलेली एक खोली मिळवून द्यावी. २०११ पासून पंचायतीतील निम्म्या जागा भगिनींच्या आहेत. या खोलीचा प्रश्न त्यांनीच ग्रामसभेत मांडावा. कामाची वेळ ठरविताना धानाची रोवणी, कापणी, मोहफुले व तेंदूपाने यांचे दिवस सोडावेत. ज्या दिवसांत शेतात व जंगलात चार पैसे अधिक मिळतात, त्या दिवसांत यंत्र झाकून ठेवलेले बरे.

शिक्षकांनी हिशेबाची वही शिकवावी. मीटरचे तुकडे, नगामागे खर्च, शेकडा नफा हे सारे शाळेतील गणितच आहे. गटातील एका भगिनीला ही वही स्वतंत्रपणे लिहिता आली, की अर्धा उद्योग उभा राहिला असे समजावे. विक्रीपूर्वी पाच पुरचुंड्या पाच घरांत दोन महिने रोज वापरून, किती उकळण्या सोसल्या, शिवण कोठे उसवली, याची नोंद ठेवण्यासही त्यांनी साहाय्य करावे. ‘पुष्कळ दिवस टिकते’ असे सांगण्याऐवजी मग नेमका आकडा सांगता येईल.

अधिकारी बंधु-भगिनींना माझी विनंती निराळी आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करीत आहे, ‘उमेद’ अभियान २०११ पासून आहे, जिल्हा उद्योग केंद्र आहे. प्रशिक्षण व प्रदर्शन या संस्था घडवून आणतात. कार्यालयांनी गटाला मागणी दिली तर तिचे पैसे वेळेवर द्यावेत, एवढे आपण पाहावे. सूक्ष्म उद्योगाने पुरविलेल्या मालाचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. त्याचा लाभ मिळण्यासाठी गटाची ‘उद्यम’ नोंदणी करून द्यावी. लहान गटाचे भांडवल एका मोठ्या थकलेल्या बिलात बुडते. दहा हजारांच्या मागणीपेक्षा वेळेवर मिळालेले दोन हजार त्याला अधिक उपयोगी पडतात.

आरंभ लहानच असावा. पहिल्या महिन्यात तीनशे नग शिवावेत, सत्तर-पंचाहत्तर संच विकावेत, पन्नास पुड्या बांधाव्यात. त्यांतून कोण परत आले, काय मागितले, कशाबद्दल तक्रार केली, ते वहीत लिहावे आणि मगच दुसरे यंत्र घ्यावे. कर्ज त्यानंतर.

या उद्योगाने जिल्ह्याचे दारिद्र्य संपेल असे मी म्हणत नाही. दहा भगिनींना वर्षातील काही महिने चार तासांचे काम मिळेल, एवढीच त्याची झेप आहे. परंतु त्या दहा जणींना आपण केलेल्या वस्तूचा भाव ठाऊक असेल, तो त्यांनी स्वतः ठरविलेला असेल आणि गिऱ्हाइकाचे नाव त्यांच्याच वहीत असेल. ज्या भागात पिढ्यान् पिढ्या मोजून देणारे आपले आणि मोजून घेणारे दुसरे, असा व्यवहार चालला, तेथे ही वही छोटी गोष्ट नाही. तिचे पहिले पान आपल्या गावात लवकरच लिहिले जावे, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.